सुई हाडाला लागून टोचली, आता केस कुठे घालू?

पत्र, थोडं आवरून :

‘मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातली, वय ४६. शिनोळीच्या पलीकडं चंदगड तालुक्यात काजूच्या कारखान्यात जाते. सात महिन्यांमागं पत्र्यानं हात कापला. मुकादमानं तिथल्याच एका खासगी दवाखान्यात नेलं, टीटीचं, म्हणजे धनुर्वाताच्या लसीचं इंजेक्शन दिलं, पैसेबी त्यानंच दिले. मी स्टुलावर, नर्स उभी. ब्लाउजची बाही वर चढेना म्हणून तिनं गळ्याकडनं ब्लाउज खाली ओढला आणि खांद्याच्या हाडाला लागूनच सुई टोचली. त्याच रात्री खांदा जो धरला तो सुटलाच नाही. चौथ्या दिवशी परत गेले, गोळ्या दिल्या. मग गावात तेल लावून चोळून घेतलं. तीन महिन्यांनी बेळगावात हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रे चांगला, पण एमआरआयमध्ये सूज निघाली. तेव्हाच साखरही निघाली. आता पहिला दवाखाना म्हणतोय, तुझ्या साखरेनंच झालंय. केस विंचरायला लेक लागते. काम बंद आहे. पुण्याचा भाचा म्हणतो, अमेरिकेत याला लाखांनी पैसे मिळतात. आम्हाला मिळतील काय? केस इकडं घालायची की तिकडं? आणि लेक दहावीत आहे, तिला शाळेत तेच इंजेक्शन द्यायचं म्हणतात. देऊ का नको?’

ताई,

भाचा खोटं बोलत नाही. फक्त तो सांगतोय ती सोय त्या देशातली आहे. अमेरिकेत १९८६ साली कायदा झाला आणि १९८८ पासून लसीमुळे इजा झालेल्यांना भरपाई देणारी सरकारी योजना सुरू झाली. लसीच्या प्रत्येक डोसवर, ती जितक्या रोगांवरची असेल त्या प्रत्येक रोगामागे ७५ सेंट कर बसतो आणि त्यातून हा निधी उभा राहतो. लस चुकीच्या जागी टोचल्याने होणारी खांद्याची इजा २०१७ साली त्या योजनेच्या यादीत आली. अटी अशा : आधी त्या खांद्याला काही दुखणं नसावं, लस घेतल्यापासून ४८ तासांच्या आत दुखायला लागलेलं असावं, दुखणं आणि आखडणं त्याच खांद्यापुरतं असावं आणि दुसरं कोणतं कारण त्याला पुरत नसावं. त्रास सहसा सहा महिन्यांच्या वर टिकलेला लागतो आणि तो सुरू झाल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा लागतो. वेदनेपोटी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. वकिलाची फीसुद्धा बहुधा निधीतूनच. अटीत बसलं की नर्सची चूक होती हे सिद्ध करत बसायचं नाही, हा त्यातला मोठा भाग.

आपलं घोडं तिथंच पेंड खातं. असा कायदा आपल्याकडे नाही. लसीने त्रास झाला एवढं दाखवून इथे पैसे मिळत नाहीत. टोचणाऱ्याने हलगर्जी केली आणि तुमचा खांदा त्या हलगर्जीनेच गेला, या दोन्ही गोष्टी तुम्हाला दाखवाव्या लागतात. एक दाखवली आणि दुसरी राहिली तर केस पडते. तेव्हा भाच्याने पाठवलेले व्हिडिओ बाजूला ठेवा, पण त्यातली ती ४८ तासांची आणि आधीचं दुखणं नसल्याची अट तेवढी लक्षात ठेवा. इथले डॉक्टर आणि तुमची तक्रार जिथे जाणार ते इथलं ग्राहक आयोगसुद्धा साधारण त्याच प्रश्नांवरून तुमची केस तपासणार.

तुमच्या पत्रात सगळ्यात मोलाचं काय असेल तर ते ब्लाउजचं वाक्य. दंडात इंजेक्शन द्यायचं ते खांद्याच्या टोकाला जे हाड लागतं त्याच्या दोन-तीन बोटं खाली, स्नायूच्या जाड भागात. त्याहून वर गेलं तर सुई स्नायूत न जाता सांध्याजवळच्या पाण्याच्या पिशवीत किंवा स्नायुबंधात उतरू शकते. लस मुळातच शरीराला चेतवण्यासाठी केलेली असते. ती त्या अडचणीच्या जागी पडली तर सूज तिथेच धरून बसते. म्हणून शिकवताना सांगतात की पूर्ण दंड उघडा करा, रुग्णाला बसवा आणि स्वतःही बसा. उभ्याने टोचणाऱ्याचा हात आपोआप वर जातो. गळ्याकडून कपडा खाली ओढला की उघडं पडतं ते खांद्याचं टोक, आणि जे दिसतं तिथेच टोचलं जातं. आपल्याकडे बायकांच्या घट्ट बाहीपायी हे रोज होत असणार; नशिबाने बहुतेकींचं दोन दिवसांत थांबतं. तुम्ही स्टुलावर, नर्स उभी, ब्लाउज गळ्याकडून ओढलेला. या तीन गोष्टी एकत्र आल्या की चूक कुठे झाली हे आयोगाला समजावायला वेळ लागत नाही. हे सगळं आजच एका कागदावर लिहून काढा, तारीख घाला, सही करा. तेव्हा सोबत कोण होतं, मुकादम आत होता की बाहेर, हेही लिहा. वर्षभराने उलटतपासणीत ‘नर्स नक्की उभी होती का?’ असं विचारतील तेव्हा हा कागद हाताशी असू द्या.

आता साखरेचं. हे ऐकायला बरं वाटणार नाही, पण समोरच्या वकिलाचा हाच हुकमाचा एक्का आहे. चाळिशी-साठीतल्या बायकांचा खांदा असाही धरतो आणि मधुमेह असेल तर जास्तच. ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतात तो हाच. तो धरायला इंजेक्शनचं निमित्त लागत नाही. तेव्हा ‘साखरेचा काही संबंध नाही’ असं आपण म्हणायचंच नाही. आपण म्हणायचं ते एवढंच की, साखरेने धरणारा खांदा सहसा हळूहळू, आठवड्या-महिन्यांत आखडत जातो. माझा सकाळी चांगला होता, दुपारी सुई टोचली आणि रात्री धरला. यातला प्रत्येक शब्द कागदावर ठरणार आहे. बेळगावच्या डॉक्टरांना दोन गोष्टी नीट विचारा. एमआरआयमधली सूज नेमकी कशाला आहे, त्या पिशवीला आणि स्नायुबंधाला की सांध्याच्या वेष्टनाला? आणि साखर निघाली तेव्हा तीन महिन्यांच्या सरासरीची, म्हणजे एचबीएवनसीची तपासणी केली होती का, तो आकडा किती होता? साखर जुनी आणि जोरात असेल तर केस अवघड होते, काठावरची असेल तर समोरच्याचा एक्का बराचसा उतरतो. सहकाऱ्याविरुद्ध लिहून द्यायला डॉक्टर कचरतात, त्यांना दोष देत बसू नका. ‘अमक्याने चूक केली’ असं लिहून मागूच नका. ‘इंजेक्शननंतर त्याच रात्रीपासून वेदना असल्याचं रुग्ण सांगते’, ‘त्याआधी खांद्याची तक्रार नाही’ आणि तपासणीत काय आढळलं एवढंच केसपेपरवर असू द्या म्हणा. तेवढं कोणीही प्रामाणिक डॉक्टर लिहितो.

तेल लावून चोळून घेतलं ते लपवू नका. ते कुठून तरी बाहेर येणारच आणि लपवलेलं बाहेर आलं की बाकीचं खरंही खोटं वाटायला लागतं.

पण या सगळ्याच्या वर एक कागद आहे : चौथ्या दिवसाचा केसपेपर. तुम्ही परत गेला होतात, गोळ्या दिल्या होत्या. त्या दिवशी दवाखान्याने काय लिहिलं? ‘टीटीनंतर खांदादुखी’ एवढे दोन शब्द जरी असले, तरी वेळेचं भांडण तिथेच संपतं, कारण तो कागद त्यांचाच. चिठ्ठी घरी असेल तर आधी झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून द्या. नसेल तर दवाखान्याकडे लेखी अर्ज करा : दोन्ही दिवसांचे केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, इंजेक्शनच्या नोंदीची प्रत, त्यात बॅच नंबर असेल तर तोही, बिलाची पावती आणि इंजेक्शन देणाऱ्या व्यक्तीचं नाव व शिक्षण. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर डॉक्टरने ७२ तासांत कागद द्यायचे असतात. अर्ज हातात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. शिक्का देईनात तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. कागद नाही दिले तरी अर्ज वाया जात नाही, ‘मागूनही दिले नाहीत’ हेच पुढे आपल्या कामाला येतं. भांडायला मात्र कुणी जायचं नाही. पोरांना घेऊन दवाखान्यात आरडाओरडा केला तर उलट तुमच्यावरच पोलिसात तक्रार होईल.

सुई टोचणारी खरंच नर्स होती का, हे मुद्दाम विचारायला सांगतोय. छोट्या दवाखान्यांत पांढरा कोट घातलेली प्रत्येक मुलगी शिकलेली असतेच असं नाही. ती नर्स नसेल तर डॉक्टरची बाजू बरीच लंगडी होते. आणि ती असो वा नसो, तिच्या हातच्या चुकीला तिला कामावर ठेवणारा जबाबदार असतो. त्या पोरीवर दात धरू नका, दावा दवाखान्यावर लावायचा.

इकडं की तिकडं? इकडं. आपल्या भागातल्या माणसाला हा प्रश्न आधी पडतो, कारण घर कर्नाटकात आणि काम महाराष्ट्रात हे आपलं रोजचं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ही अडचण सोडवली आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे दवाखाना चंदगड तालुक्यात असला तरी तुम्ही बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकता. काम चंदगडात म्हणून कोल्हापूरही चालेल, पण प्रत्येक तारखेला कोल्हापूरची एसटी पकडायची की बेळगावची बस, हे तुम्हीच ठरवा. मी बेळगाव म्हणेन. पैसे मुकादमाने दिले म्हणूनही अडत नाही, दुसऱ्याने पैसे भरून ज्याच्यासाठी सेवा घेतली तोही कायद्याने ग्राहकच. डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सुप्रीम कोर्टाने १९९५ सालीच शांता यांच्या खटल्यात ठरवलं आहे. मुदत दोन वर्षांची. सात महिने गेलेत, राहिलेले झोपेत घालवू नका.

भाषेचं सांगतो. मराठीतून कागद मिळावेत म्हणून आपण इतकी वर्षं भांडतोय आणि भांडणं सोडू नये. पण ही केस त्या भांडणाची जागा नव्हे. बेळगावच्या आयोगात काम कन्नड-इंग्रजीत चालतं. मराठी चिठ्ठ्यांचं इंग्रजी भाषांतर जोडून द्या, म्हणजे तारीख भाषांतरापायी पुढे जाणार नाही. तुमच्या नशिबाने डॉक्टरांचे कागद बहुतेक इंग्रजीतच असतात, फक्त ते अक्षर लागलं पाहिजे. आणखी एक, कारण विचारणारे भेटतात : सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने जी आरोग्य योजना जाहीर केली ती उपचारांची आहे, अशा भरपाईचा तिच्याशी संबंध नाही.

वकिलाची फी कुठून आणू, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. १९८७ च्या कायद्याखाली बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. बेळगावच्या कोर्टाच्या आवारात जिल्हा कायदेविषयक सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे आधारकार्ड आणि हे सगळे कागद घेऊन जा. १५१०० या नंबरावर फोन केला तरी माहिती देतात. आयोगात सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, आणि टीटीच्या इंजेक्शनला कुणी पाच लाख घेत नाही. ‘मिळालं त्यातलं निम्मं मला’ म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्याकडून चहा पिऊन परत या. वकिलाने असा हिस्सा ठरवणं आपल्याकडे चालत नाही.

तक्रारीच्या आधी वकिलाकडून नोटीस जाऊ द्या. ती सक्तीची नाही, पण उपयोगाची आहे. बरेच डॉक्टर अशा दाव्यांसाठी विमा उतरवून ठेवतात. लेखी नोटीस गेली की ते प्रकरण विमा कंपनीकडे जातं आणि तडजोडीचं बोलणं निघू शकतं. निघालं तर बोला, लाजू नका. पण ‘यापुढे काही मागणी नाही’ असं लिहिलेल्या कागदावर खांद्याचे उपचार पुरे होईपर्यंत सही करायची नाही, कितीही गोड बोलले तरी.

फौजदारी करा म्हणणारे गावात असतीलच. नको. डॉक्टरवर फौजदारी चालवायला साधी हलगर्जी पुरत नाही, अतिशय ठळक बेपर्वाई लागते. सुप्रीम कोर्टाचा २००५ चा जेकब मॅथ्यू निकाल हेच सांगतो. तुमच्या प्रकरणात ती दिसत नाही. लस बनवणाऱ्या कंपनीवर दावाही नको. औषधात दोष नव्हता, जागा चुकली.

कारखान्याला मात्र विसरू नका. हात कापला तो कामावर आणि इंजेक्शन त्याच जखमेपायी घ्यावं लागलं. त्यामुळे कामावरच्या अपघाताची भरपाई मागता येते का, हे वकिलाला स्वतंत्र विचारा. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता कापत असतील तर तेही सांगा. किलोवर मजुरी असल्याने तुमचं नुकसान मांडणं जरा कटकटीचं आहे. मुकादमाची वही, हजेरीचे फोटो, बँकेत जमा झालेली रक्कम, जे असेल ते गोळा करा. अपघाताआधीच्या महिन्यांत किती मिळत होतं हे दाखवता आलं, तरच बुडालेल्या मजुरीचा आकडा धरता येईल. (ज्यांना इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळालं त्यांना ही ग्राहक आयोगाची वाट सहसा मिळत नाही, त्यांचा रस्ता वेगळा. ईएसआयच्या दवाखान्यातलं मात्र फुकट धरत नाहीत, २००७ साली किशोर लाल खटल्यात सुप्रीम कोर्टाने तसं सांगितलंय.)

किती मिळतील? भाच्याच्या आकड्यातला आकडा नाही. उपचारांचा खर्च, बुडालेली मजुरी, सोसलेल्या वेदनेपोटी काही आणि केसचा खर्च, एवढ्यावरच आयोग हिशेब करतं. खांदा दोन-तीन वर्षांत बराच सुटतो असा अनुभव आहे. सुटला तर आकडा आणखी खाली येईल आणि आपण त्याचा आनंदच मानू.

म्हणून केस लागेपर्यंत हात तसाच ठेवू नका. ‘बरा झाला तर केस कमजोर होईल’ असं सांगणारे शहाणे मी पाहिलेत. उलट आहे. उपचार टाळले तर ‘बाईने स्वतःच दुखणं वाढवलं’ म्हणायला समोरच्याला जागा मिळते, आणि हात जातो तो जातोच. फिजिओथेरपी नेमाने करा. पहिल्याच दिवशी हात किती अंश वर जातो ते मोजून लिहून घ्या आणि दर महिन्याला पुन्हा मोजा. ‘हात वर होत नाही’ यापेक्षा ‘१८० पैकी ७० अंश’ यासारखी नोंद आयोगाला कळते. डॉक्टरांनी खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर साखर आहे हे आठवणीने सांगा, त्याने काही दिवस साखर चढते.

जमलं तर घडलेल्या त्रासाची नोंदही करा. १८००-१८०-३०२४ हा औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा सरकारी टोल फ्री नंबर आहे. त्यातून पैसे मिळणार नाहीत, पण टोचण्यातली चूक ही लसीच्या त्रासात वेगळी वर्गवारी आहे आणि अशा नोंदी झाल्या तरच टोचणाऱ्यांच्या प्रशिक्षणात त्या पोचतात.

राहिली लेक. तिला इंजेक्शन द्या. धनुर्वात आणि घटसर्प या दोन्हींवरची ती लस आहे, सोळाव्या वर्षाची आणि दहावीतल्या मुलांना शाळेतच देतात. तुमच्या खांद्याचं दुखणं लसीपेक्षा जागेमुळे झालं, तेव्हा सांभाळायची ती जागा. त्या दिवशी तिला सैल बाहीचा किंवा बिनबाहीचा कपडा आत घालून पाठवा. युनिफॉर्मचा शर्ट गळ्याकडून ओढू द्यायचा नाही, सरळ बाहेर काढायचा, मुलींना आडोसा हवा असेल तर तो आधी मागून घ्यायचा. तिला बसवून घ्यायला सांगा आणि सिस्टरांनाही ‘तुम्ही बसा’ म्हणायला लाजू नको म्हणा. खांद्याचं टोक कुठलं आणि तिथून दोन-तीन बोटं खाली म्हणजे कुठे, हे आदल्या रात्री तुमच्या चांगल्या हाताने तिच्या दंडावर दाखवून ठेवा.